पहुडेश्वराचा कागद

माझ्या थोरल्या भावाला घरात, इमारतीत आणि ऑफिसात सगळे 'सरकार' म्हणतात. हे नाव वडिलांनी ठेवलं, आणि चिडून ठेवलं. दादा तेव्हा नऊ वर्षांचा होता. सोफ्यावर आडवा पडून छताकडे बघत तो म्हणत होता, "माझ्या चपला तिकडे गेल्यात." चपला दोन हातांवर होत्या. वडिलांनी त्या उचलून त्याच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाले, "घ्या सरकार." टोमणा होता तो. दादाला वाटलं हुद्दा दिला. वडील त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या चपला उचलत राहिले.

मला माझ्या भावाचा राग येतो. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला निःपक्षपाती समजायला नको. मी त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते, लग्न केलेलं नाही, आणि आई, सरकार आणि मी असे तिघं चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहतो. त्यातली मधली खोली सरकारांची आहे. म्हणजे ती सगळ्यांची बैठकीची खोली आहे, पण तिथे सोफा आहे आणि सोफ्यावर सरकार आहेत.

आळशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक आळशी माणसं गरीब स्वभावाची असतात. त्यांना काही नको असतं, तुम्ही त्यांच्या वाटेला गेला नाहीत तर ती तुमच्या वाटेला जात नाहीत. सरकारांचं तसं नाही. इकडची काडी तिकडे करायची नाही, पण काडी कुठे असावी हे ठरवायचं मात्र त्यांनीच. शाळेत ते मॉनिटर होते. वर्गात कोण बोलतंय ते दुसराच मुलगा फळ्यावर लिहायचा, सरकार फक्त नाव सांगायचे, आणि न बोलणाऱ्यांचीही सांगायचे. परवाना खात्यात लागले तेव्हा पाच वर्षांत मोठे कारकून झाले, आणि त्या पाच वर्षांतली एकही फाईल त्यांच्या अक्षरातली नाही.

त्यांची बायको, म्हणजे माझी वहिनी, चार वर्षं राहिली. जाताना तिने भांडण केलं नाही. बॅग दाराशी ठेवून ती मला म्हणाली, "तुझ्या भावाने मला आजवर एकही काम सांगितलेलं नाही, बरं का. तरी चार वर्षांत मी खाली बसलेले नाही." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. वहिनी गेल्यावर तिची सगळी कामं आईकडे आली. बाहेरची कामं वडील करत होते, वडील गेल्यावर तीही आईकडे आली. सरकार दोन्ही वेळेला सोफ्यावरच होते.

दोन वर्षांपूर्वी सरकार आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष झाले. एकाही सभेला न जाता झाले. सोफ्यावरून तीस फोन केले. प्रत्येकाला वाटलं की आपणच त्यांना उभं राहायला लावलं. पाचव्या मजल्यावरचे मास्तर तेवढे विरोधात होते. निवडून आल्यावर महिन्याभरात लिफ्ट 'दुरुस्तीसाठी' बंद झाली. सकाळी सव्वादहाला आणि संध्याकाळी पावणेसहाला वॉचमन बटण चालू करायचा, कारण त्या वेळेला सरकार ऑफिसला जायचे आणि यायचे. बाकी दिवसभर बंद. मास्तरांना हृदयाचा त्रास होता, हे सरकारांना माहीत होतं. म्हणूनच तर.

पण मास्तरांनी महिन्याभरात मुलीकडे मुक्काम हलवला आणि जिना उरला आईला. आईचा उजवा गुडघा गेल्या तीन वर्षांपासून कामातून गेलेला आहे. भाजी, दूध, औषधं, सरकारांचे इस्त्रीचे कपडे, सगळं घेऊन ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर यायची. मी एकदा सरकारांना म्हटलं, "निदान आईसाठी तरी लिफ्ट सुरू ठेव."

सरकार उशी नीट करत म्हणाले, "नियम म्हणजे नियम. स्वतःच्या आईसाठी मोडला, तर लोक काय म्हणतील?"

आईने मान डोलावली. तिला त्यांचा अभिमानच वाटला असावा.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सात महिने थांबून आईला तारीख मिळाली होती, एका गुरुवारची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता नाही केलं तर वर्षभरात काठीवर, त्यानंतर चाकांच्या खुर्चीवर. ऑपरेशननंतर सहा आठवडे तिने कुणाचं काही करायचं नव्हतं. ही सहा आठवड्यांची गोष्ट आईच्या घशाखाली उतरत नव्हती. "त्याचं कोण बघेल?" एवढंच म्हणायची. सरकार म्हणायचे, "जा ना आई, खुशाल जा. माझं काय, एक वेळ जेवलो नाही तरी चालतं मला." मग आई आणखी आठवडाभर विचार करायची. शेवटी मी तिचा हात धरून तिला शब्द दिला. म्हटलं, "मी त्याच्या हातात पाण्याचा पेलासुद्धा देणार नाही. तहान लागली की उठेल. सहा आठवड्यांत माणसात येईल तो." त्यावर आई पहिल्यांदा हो म्हणाली. तिला वाटलं, एकाच खर्चात तिचा गुडघा आणि मुलगा दोन्ही दुरुस्त होतील.

आता खेळाचं सांगते, कारण मी माती खाल्ली ती त्या खेळात.

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो. ऑर्थोपेडिक वॉर्डातली एक नर्स, चौकातला चष्मेवाला, त्याची बायको आणि मी. ते तिघं प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि मी त्यांना राज्यं, जंगलं, राक्षस यांची गोष्ट सांगत नेते. तुम्ही काय करता, असं मी विचारते. ते सांगतात. जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो, त्यावर त्याची ताकद, बुद्धी, अंगात जीव किती, जवळ साहित्य काय, सगळं आकड्यांत. आमचा एक पक्का नियम आहे. फासे टेबलावर आले की कागदावरचं काही खोडायचं नाही. मी मागे एकदा एका आवडत्या राक्षसाचा जीव हळूच वाढवला होता आणि चष्मेवाल्याने पकडलं होतं, तेव्हापासूनचा नियम.

त्याच चष्मेवाल्याने मला डिवचलं. म्हणाला, "तुझे खलनायक फार धडपडतात गं. सारखे मनोऱ्यावर चढतात, आरडाओरडा करतात. दमतात बिचारे. एखादा बसल्या जागी राज्य करणारा दे ना."

मी मधल्या खोलीकडे बघितलं. सरकार टीव्हीचा रिमोट पोटावर ठेवून झोपले होते.

असा पहुडेश्वर जन्माला आला. गादीवरून न उठता सात प्रांत चालवणारा राजा. म्हटलं, आता ह्या माणसाची अशी हजामत करते की टेबलावर सगळे पोट धरून हसतील. पण कागद भरायला बसले आणि अडकले. आळशी माणूस सत्ता मिळवतो ती नेमकी कशी? चाळीस वर्षं त्याच्याबरोबर काढून मला ते सांगता येईना. मग मी एक वही घेतली आणि संध्याकाळी लॅबमधून आले की सरकारांच्या उशाशी खुर्ची टाकून बसायला लागले. कागद भरेपर्यंत तीन आठवडे बसले, आणि पुढेही बसत राहिले.

सरकारांना वाटलं मी त्यांची आत्मकथा लिहितेय. खुशीत होते. आणि खरं सांगते, मी काय काय टिपलं ते वाचून मलाच घाम फुटला. हा माणूस कधी आज्ञा देत नाही. तो बातमी देतो. 'पाणी संपलंय.' 'खिडकी उघडी राहिलीये.' 'ह्या महिन्यात कुणी वॉचमनला ओरडलं नाही वाटतं.' मग खोलीतल्या सगळ्यात हळव्या माणसाला ते सहन होत नाही आणि ते उठतं. काम झाल्यावर तो आभार मानत नाही, 'कशाला उठलीस' म्हणतो. म्हणजे तुम्ही उठलात ते तुमच्या मर्जीने. तक्रारीला जागाच नाही. कुणी उठलं नाही तर तो रागावत नाही, थांबतो. थांबण्यात त्याला कुणी हरवू शकत नाही, कारण त्याला दुसरं काहीच करायचं नसतं.

हे सगळं मी कागदावर उतरवलं. पहुडेश्वर: ताकद तीन, चपळाई एक, छाप एकोणीस. तो हल्ला करत नाही. तो फक्त एक वाक्य बोलतो आणि ऐकणाऱ्याने फासा टाकायचा. आकडा कमी पडला तर ऐकणारा आपणहून त्याचं काम करायला लागतो. खाली खास नियम लिहिला: 'याचं करणारं माणूस गेलं, तर एका दिवसात दुसरं येतं. हा स्वतः उठत नाही.' आणि साहित्याच्या रकान्यात लिहिलं: पलंग एक, उशा सहा, घंटी एक, म्हातारी मोलकरीण एक. मोलकरणीला वेगळा कागद केला नाही. जीव चार, फितवायला वीस, एवढं कंसात टाकलं. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

पहिल्या रविवारी पहुडेश्वराने त्यांना धुऊन काढलं. नर्सची योद्धीण तलवार उपसून महालात शिरली आणि तासाभराने त्याच्या उशांचे अभ्रे बदलत होती. दुसऱ्या रविवारी चष्मेवाल्याचा जादूगार त्याच्यासाठी करवसुलीला निघाला. हसून हसून पुरेवाट झाली. मधल्या खोलीतून सरकारांचा आवाज आला, "हा राजा मला आवडला. उगाच उठत नाही तो, ते बरोबर केलंस." त्यावर तर चष्मेवाला खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. आई स्वयंपाकघरात दाराशी स्टुलावर पाय ठेवून बसली होती, तिने विचारलं, "काय झालं गं एवढं?" आणि कुणी तिला सांगितलं नाही.

तिसरा रविवार, म्हणजे ऑपरेशनच्या आधीचा. ह्या वेळेला चष्मेवाल्याची बायको तयारीने आली होती. ही बाई फार कमी बोलते, सगळ्यांना हळू आवाजात 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करते. तिने वहीत सगळं मांडून आणलं होतं. म्हणाली, "राजाला हात लावायचाच नाही. त्याला जेवू कोण घालतं? ती म्हातारी. दारं कोण उघडतं? म्हातारी. त्याचे निरोप कोण नेतं? ती. तिला बाहेर काढायचं, की हा दोन दिवसांत संपला."

"तिला फितवू या," नर्स म्हणाली. तिची योद्धीण गेली मोलकरणीकडे. नर्स अगदी वॉर्डात बोलते तशी बोलली. "आजी, चला आमच्याबरोबर. तुमचे पाय बघा कसे झालेत. आम्ही तुम्हाला घर देऊ, औषध देऊ."

मोलकरणीच्या वतीने मला बोलायचं होतं. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपसूक आलं, "नको गं बाई. त्याचं कोण बघेल? मनाने वाईट नाही तो. लहानपणापासून त्याला सवय नाही एवढंच."

नर्सने फासा टाकला. अठरा. एवढ्यावर एखादा ड्रॅगनही मान तुकवतो. "आली ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तिला वीस लागतात."

"वीस? मोलकरणीला?" चष्मेवाला वैतागला. पण कागदावर तसंच होतं आणि कागद बदलायचा नाही. त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. तिला उचलून न्यायचं ठरवलं, तर ती रात्रीत परत आली. दार बाहेरून बंद केलं, तर ती खिडकीतून त्याचं ताट सरकवत होती. तासभर तेच चाललं. मला थांबवता आलं असतं. पण मला मजा येत होती. मी आईची वाक्यं एकामागून एक काढत होते आणि प्रत्येक वाक्याला ते तिघं कपाळाला हात लावत होते.

शेवटी चष्मेवाल्याची बायको हळूच म्हणाली, "मारून टाकू तिला."

"अगं!" चष्मेवाला म्हणाला.

"मग काय करणार? ती सुटत नाही आणि तिच्यावाचून तो पडत नाही. म्हातारी आहे, तशीही किती दिवस जगणार? साहित्यात लिहिलंय तिला, बघ ना. वस्तूच आहे ती." तिने पलीकडून माझा कागद वाचला होता.

फासा पडला. चौदा. जीव चारच होता. मी गोष्ट सांगणारी, मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं की मोलकरीण हातातलं ताट आधी नीट खाली ठेवते आणि मग पडते. स्वयंपाकघरात बटाटे सोलायचा आवाज येत होता, तो थांबला.

"आता?" चष्मेवाला म्हणाला. "आता राजा हाक मारतोय. कुणी येत नाही. बरोबर?"

मी कागदाकडे बघितलं. खास नियम माझ्याच अक्षरात होता. मला खोटं बोलता आलं असतं, पण तो नियम मी तीन आठवडे घासून लिहिलेला, माझा सगळ्यात चांगला नियम होता, आणि मला त्याचा गर्व होता. "राजा हाक मारत नाही," मी म्हटलं. "तो फक्त म्हणतो, आज ताट आलं नाही. आणि दार उघडतं. दारात एक बाई उभी आहे. हातात ताट आहे."

"कोण आहे ती?"

"त्याची धाकटी बहीण."

नर्सला एकदम हसू आलं. "मग काय, हिलाही मारायचं का?" ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून फासे गोळा करायला लागली. त्या दिवशी आम्ही लवकर आवरलं. नर्स जाताना आईला सांगून गेली, "गुरुवारी सकाळी माझीच ड्यूटी आहे काकू. मीच तुम्हाला आत नेईन."

ते गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. बटाटे तसेच होते.

"त्या म्हातारीला नाव काय होतं गं?"

"नव्हतं. नुसता खेळ आहे आई."

"हो, खेळच." तिने सुरी पुसून ठेवली. "गुरुवारचं रद्द कर."

मी ओरडलेच. सात महिने, डॉक्टर, काठी, खुर्ची, सगळं बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू मला शब्द दिलास ना, त्याला पेला देणार नाही म्हणून? म्हणून मी हो म्हटलं. महिनाभर बघतेय मी. तू वही घेऊन त्याच्याजवळ बसतेस. तो म्हणतो, उकडतंय. मी गुडघा सावरून उठेपर्यंत तू पंख्याच्या बटणाशी असतेस. परवा त्याची औषधं तू आणलीस. काल त्याच्या ऑफिसचं पत्र तू लिहिलंस. सकाळी तर तो काही बोललाही नाही. नुसतं रिकाम्या पेल्याकडे बघितलं."

"मी निरीक्षण करत होते त्याचं," मी म्हटलं. "लिहून घेत होते."

"मी पण सुरुवातीला असंच काहीतरी म्हणत असेन." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मी सहा आठवडे पडले, की तू अडकलीस. सातव्या आठवड्याला मी उठेन, पण तू सुटायची नाहीस. माझं काय ते होऊन गेलंय. गुडघा गेला तर गेला. तुझं व्हायला नको."

मी म्हणायला हवं होतं, आई, तू जा, माझं मी बघेन. म्हणायला हवं होतं, आपण दोघी जाऊ आणि त्याला सोफ्यावर वाळू दे. हे सगळं मला येत होतं. दर रविवारी मी असली वाक्यं शूर लोकांच्या तोंडी घालते. मी बटाट्यांचं पातेलं उचललं आणि उरलेले सोलायला बसले.

सोमवारी सकाळी मी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, थांबा, कागद काढते. मी थांबले होते तेव्हा सरकार सोफ्यावरून म्हणाले, "रद्द करताय? तुमचं तुम्ही ठरवा. मी काही बोललेलो नाही हं." आणि ते खरं होतं. रद्द करा असा एक शब्दही तो बोललेला नव्हता.

"कारण काय लिहू?" बाईने विचारलं.

"घरची अडचण."

"पुढची तारीख अकरा महिन्यांनंतरची आहे. पेशंटची स्वतःची इच्छा आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "तिचीच इच्छा आहे."

फोन ठेवल्यावर मला सगळ्यात आधी काय वाटलं, ते इथे लिहिणार नव्हते. पण भावाचं एवढं सगळं लिहिलं, तर स्वतःचंही लिहायला हवं. मला हायसं वाटलं. आई आतून विचारत होती, झालं का गं, आणि मी म्हटलं, झालं.